रांग मोजणारे एरलांग मास्तर

निकालाचा दिवस. दुपारी एक वाजता साइट सुरू होणार असं कळलेलं असतं आणि बारा एकोणसाठपासूनच सगळ्यांचा अंगठा रिफ्रेशवर असतो. एक वाजतो आणि स्क्रीनवरचं चक्र गोल गोल फिरायला लागतं. ग्रुपवर मेसेज पडतात, सर्व्हरवर लोड आलाय. कोणाचा निकाल दिसतो, कोणाचा रात्रीपर्यंत दिसत नाही.

हा लोड म्हणजे नक्की काय? तो मोजतात कसा? ज्यांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे त्यांनी टर्मिनल उघडून 'अपटाइम' ही कमांड दिली तर ओळीच्या शेवटी तीन आकडे दिसतात. समजा ०.४२, १.१०, २.३५. यांना लोड ॲव्हरेज म्हणतात. पहिला आकडा एका मिनिटाचा, दुसरा पाच मिनिटांचा, तिसरा पंधरा मिनिटांचा. सी शिकणाऱ्यांना हे आकडे स्वतःच्या प्रोग्रॅममध्येही घेता येतात. त्यासाठी एक तयार फंक्शन आहे, त्याच्याकडे पुढे येऊच. पण त्याआधी एका माणसाची ओळख करून घेऊ. तो कॉम्प्युटर बघण्याच्या कितीतरी आधी गेला. मात्र एका वेळी सरासरी किती कामं चालू आहेत यावरून लोड मोजायचा आणि त्यावरून लोकांना किती थांबावं लागेल हे सांगायचं, याचं गणित त्याने शंभर वर्षांपूर्वी मांडलं. त्याचं नाव अग्नर क्रारुप एरलांग.

उलटं पुस्तक वाचणारा मुलगा

एरलांगचा जन्म १ जानेवारी १८७८ चा. गाव लॉनबोर्ग, डेन्मार्कच्या पश्चिमेकडच्या युटलंड भागातलं. वडील हान्स निल्सेन एरलांग हे गावचे शाळामास्तर आणि चर्चचे कारकून. आई माग्दालेन क्रारुप धर्मोपदेशकांच्या घराण्यातली. तिच्या पूर्वजांमध्ये थॉमस फिंके नावाचे गणिती होते. त्रिकोणमितीत आपण टॅन आणि सेक वापरतो ना, ते टँजंट आणि सेकंट हे शब्द वापरात आणणारे हेच फिंके. म्हणजे गणित घरात होतं, फक्त तीनशे वर्षं जुनं.

घरात थोरला भाऊ फ्रेडरिक आणि दोन धाकट्या बहिणी. संध्याकाळी फ्रेडरिक पुस्तक घेऊन बसला की अग्नर त्याच्यासमोर बसायचा. पुस्तक एकच, त्यामुळे अग्नरच्या बाजूने अक्षरं उलटी. तो तशीच वाचायचा आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. सगळ्यात लाडका विषय खगोलशास्त्र. ग्रहताऱ्यांवर कविताही करायचा.

शिक्षण वडिलांच्याच शाळेत झालं. चौदाव्या वर्षी तो कोपनहेगन विद्यापीठाच्या प्राथमिक परीक्षेला बसला. वय कमी म्हणून खास परवानगी काढावी लागली. पास झाला तोही विशेष प्राविण्यासह. आता पुढे काय? पुढे काही नाही. पोरगा गावी परत आला आणि दोन वर्षं वडिलांच्या शाळेत मदतनीस मास्तर म्हणून शिकवत राहिला. त्याच काळात लॅटिन आणि फ्रेंच शिकला.

नंतर वडिलांच्या आग्रहाने प्रवेश परीक्षेची तयारी केली आणि १८९६ मध्ये ती चांगल्या गुणांनी पास झाला. घरची परिस्थिती बेताची होती, पण शिष्यवृत्ती मिळाली आणि कोपनहेगनच्या रेगेन्सेन या जुन्या विद्यार्थी वसतिगृहात राहायची सोय झाली. १९०१ मध्ये एम.ए. झाला. मुख्य विषय गणित, जोडीला खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र.

डिग्री झाली, आता मास्तरकी

आजच्या भाषेत सांगायचं तर प्लेसमेंटचं फारसं जमलं नाही. पुढची सातेक वर्षं एरलांग वेगवेगळ्या शाळांमध्ये शिकवत राहिले. शिकवायचे चांगलं, पण स्वभाव अबोल. चारचौघांत गप्पांचा फड जमवणारे नव्हेत. अशा माणसाचं आयुष्य शाळेतच गेलं असतं तरी कोणाला नवल वाटलं नसतं.

पण दोन गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. एक, गणित. विद्यापीठाने बक्षिसासाठी ठेवलेल्या एका प्रश्नावर त्यांनी या काळात काम केलं आणि त्याची प्रशंसा झाली. दुसरी, गणित संघाच्या बैठका. डेन्मार्कमधले गणिताचे शौकीन तिथे जमायचे. दिवसभर पोरांना शिकवून संध्याकाळी बैठकीला जायचं, हा एरलांग यांचा क्रम.

तिथेच त्यांची योहान येन्सेन यांच्याशी ओळख झाली. मॅथ्स किंवा इंजिनीअरिंगवाल्यांनी येन्सेनची असमता हा शब्द ऐकला असेल. तेच हे येन्सेन. गंमत म्हणजे हे गृहस्थ प्राध्यापक कधीच नव्हते. त्यांची नोकरी होती कोपनहेगन टेलिफोन कंपनीत, तांत्रिक विभागाचे प्रमुख म्हणून. गणित हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग, आणि त्या फावल्या वेळात त्यांनी १९०६ मध्ये ही असमता मांडली. तिचा एक साधा अर्थ असा: नुसत्या सरासरीवरून हिशोब केला तर उत्तर चुकू शकतं, कारण चढउतारांचा परिणाम सरासरीत दिसत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

येन्सेन यांनी एरलांग यांना कंपनीचे संचालक योहानसेन यांच्याकडे नेलं. टेलिफोनच्या अडचणी संभाव्यतेच्या गणिताने सोडवता येतील असं योहानसेन यांना वाटत होतंच. हवा होता तो पूर्ण वेळ हेच करणारा माणूस. १९०८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, एरलांग मास्तर टेलिफोन कंपनीत रुजू झाले.

तेव्हाचा सर्व्हर म्हणजे माणूस

तेव्हाचं टेलिफोन एक्स्चेंज डोळ्यांसमोर आणा. भिंतीएवढा बोर्ड, त्यावर ओळीने भोकं, समोर बसलेल्या ऑपरेटर. तुम्ही रिसीव्हर उचलला की ऑपरेटरला कळायचं. कोण हवंय ते विचारून ती दोरीचं एक टोक तुमच्या भोकात आणि दुसरं टोक समोरच्याच्या भोकात खोचायची. बोलणं संपलं की दोरी काढायची. दोन एक्स्चेंजमधल्या तारा तर मोजक्याच. त्या सगळ्या भरल्या की पुढच्याचा कॉल लागायचाच नाही.

कंपनीसमोरचा प्रश्न पैशांचा होता आणि माणसांचाही. तारा जास्त टाकल्या तर खर्च वाया, कमी टाकल्या तर लोक ताटकळणार. ऑपरेटर जास्त ठेवल्या तर पगार, कमी ठेवल्या तर त्या बिचाऱ्यांच्या हाताला उसंत नाही. मग किती तारा आणि किती ऑपरेटर पुरेत? तोपर्यंत हे बरंचसं अनुभवावर आणि अंदाजावर चालायचं.

यात मुख्य भानगड अशी की कोण कधी फोन करेल ते कोणालाच माहीत नाही. एका गृहस्थाला दहा वाजून तीन मिनिटांनी डॉक्टर आठवतो, दुसऱ्याला त्याच मिनिटाला व्यापारी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. असा सगळा बेभरवशाचा कारभार गणितात कसा बसवायचा?

१९०९ मध्ये एरलांग यांनी संभाव्यता आणि टेलिफोन संभाषणं यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यातलं मुख्य म्हणणं असं: लोक एकमेकांवर अवलंबून न राहता फोन करत असतील तर कॉल येण्याला एक ठरावीक आकार असतो. बारावीत किंवा फर्स्ट इयरला आपण ज्याला पॉयसन डिस्ट्रिब्यूशन म्हणून पाठ करतो, तोच.

उदाहरण घेऊ. तासाला सरासरी ६० कॉल, म्हणजे मिनिटाला एक. कागदावर वाटतं, चला, दर मिनिटाला एक येईल, आरामात उचलू. प्रत्यक्षात साधारण २२ मिनिटं अशी जातात की एकही कॉल येत नाही. २२ मिनिटांत एकेक येतो. ११ मिनिटांत दोन दोन येतात. आणि उरलेल्या पाचेक मिनिटांत तीन किंवा त्याहून जास्त एकदम कोसळतात. सरासरी तीच, मिनिटाला एक. पण ऑपरेटरची त्रेधा उडते ती त्या पाच मिनिटांत. कॉल न लागलेला माणूस चिडतो तोही त्याच पाच मिनिटांत. येन्सेनची असमता आठवली ना?

मॅनहोलमध्ये उतरणारा गणिती

एरलांग टेबलापाशी बसून फक्त सूत्रं लिहायचे असं समजू नका. कंपनीत प्रयोगशाळा त्यांच्याकडे होती, पण सुरुवातीला हाताखाली माणसंच नव्हती. जमिनीखालच्या केबलला भटक्या विद्युत प्रवाहांचा त्रास व्हायचा. त्याची मोजमापं स्वतः एरलांग घ्यायचे. कोपनहेगनच्या रस्त्यांवर लोकांना हे दृश्य ओळखीचं झालं होतं: पुढे दाढीवाले एरलांग, मागे शिडी घेतलेला एक कामगार. मॅनहोलचं झाकण उघडायचं, शिडी सोडायची आणि मास्तर आत.

मला वाटतं, त्यांचं गणित टिकलं त्याचं एक कारण इथे आहे. आकडे कुठून येतात ते त्यांना माहीत होतं. तार म्हणजे काय, ती कुठे खराब होते, ती टाकायला काय लागतं, हे त्यांनी खाली उतरून बघितलेलं होतं.

१९१७ मध्ये त्यांचा सगळ्यात गाजलेला निबंध आला. विषय होता ऑटोमॅटिक टेलिफोन एक्स्चेंज. त्यात दोन सूत्रं आहेत. पहिलं अशा ठिकाणासाठी, जिथे सगळ्या लाइन भरल्या की पुढचा कॉल परत पाठवला जातो. दुसरं अशा ठिकाणासाठी, जिथे पुढच्याला रांगेत थांबवून ठेवतात. आज पहिल्याला एरलांग बी आणि दुसऱ्याला एरलांग सी म्हणतात. कॉल सेंटरमध्ये किती जणांना शिफ्टला बोलवायचं हे ठरवताना आजही याच गणिताचा आधार घेतात.

पहिल्या सूत्राची ताकद बघा. तासाला ६० कॉल आणि प्रत्येक कॉल सरासरी ३ मिनिटांचा. म्हणजे तासाभरात एकूण १८० मिनिटांचं बोलणं. ६० मिनिटांत १८० मिनिटांचं बोलणं मावायचं तर सरासरी ३ लाइन कायम चालू हव्यात. हाच लोड, ३. मग तीनच लाइन टाकल्या तर? सूत्र सांगतं, शंभरातले जवळपास ३५ कॉल लागणारच नाहीत. सहा लाइन टाका, तर न लागणारे ५ च्या आसपास येतात. आठ टाकल्या तर शंभरात एकाहून कमी. आता कंपनीने ठरवायचं की शंभरातले किती लोक परत गेलेले तिला चालतील. अंदाज संपला, निर्णय उरला.

अजून एक गोष्ट या सूत्रातून दिसते आणि ती पहिल्यांदा ऐकताना खरी वाटत नाही. लोड ३ आणि लाइन ४ असतील तर पाचातला एक कॉल वाया जातो. लोड ३० आणि लाइन ४० केल्या, म्हणजे सगळंच दहा पट, प्रमाण तेच, तर वाया जाणारे कॉल शंभरात दीडच्या आसपास उरतात. छोटे छोटे दहा गट वेगळे ठेवण्यापेक्षा एकच मोठा साठा सगळ्यांना वापरायला दिला तर तेवढ्याच सामानात खूप जास्त लोकांचं काम होतं. क्लाउड सर्व्हर परवडतात त्यामागचं एक कारण हेच.

रांग अचानक का वाढते

दुसरं सूत्र, थांबण्याचं, आपल्या रोजच्या कामाचं. सबमिशनच्या आठवड्यातलं कॉलेजबाहेरचं झेरॉक्सचं दुकान घ्या. मशीन एक, प्रत्येकाला सरासरी २ मिनिटं लागतात. कोणाचं एक पान, कोणाचं अख्खं जर्नल. लोक आपापल्या वेळी येतात. मशीन अर्धा वेळ चालू असेल तर आपल्याला सरासरी २ मिनिटं थांबावं लागतं. मशीन ८० टक्के वेळ चालू असेल तर ८ मिनिटं. ९० टक्क्यांना १८ मिनिटं. ९५ टक्क्यांना ३८ मिनिटं.

८० वरून ९५ म्हणजे काम थोडंसंच वाढलं. थांबणं मात्र जवळपास पाच पट झालं. दुकानदार बाहेरून बघताना म्हणेल की मशीन ५ टक्के वेळ रिकामं आहे, अजून गिऱ्हाइक घेता येईल. रांगेतला पोरगा म्हणेल, सबमिशन गेलं. दोघांकडे एकाच दुकानाची माहिती आहे. फरक इतकाच की एक जण मशीनकडे बघतोय आणि दुसरा रांगेत उभा आहे. एरलांग यांनी दोन्ही बाजू एकाच सूत्रात आणल्या.

निकालाच्या दिवशी साइट बसते तेव्हा हेच होतं. आदल्या दिवशीपर्यंत सगळं मस्त चाललेलं असतं, कारण लोड क्षमतेपासून लांब असतो. क्षमतेजवळ गेलं की रांग एकदम फुगते, आणि आपण वैतागून पुन्हा पुन्हा रिफ्रेश मारून त्या रांगेत अजून भर घालतो.

आता त्या तीन आकड्यांकडे

लोड ॲव्हरेज हे कॉम्प्युटरचं झेरॉक्सचं दुकान आहे. मशीन म्हणजे प्रोसेसरचा कोअर, गिऱ्हाइकं म्हणजे प्रोसेस. एखाद्या क्षणी किती प्रोसेस चालू आहेत आणि किती आपली पाळी यायची वाट बघतायत, त्यांची बेरीज करायची. लिनक्समध्ये डिस्कसारख्या गोष्टीसाठी अडकून बसलेल्या काही प्रोसेसही यात धरतात, म्हणून कधी कधी प्रोसेसर निवांत असतो आणि आकडा मात्र मोठा दिसतो. अशी सरासरी दाखवायची पद्धत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला टेनेक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होती, पुढे ती युनिक्समध्ये रुळली.

सीमध्ये हे आकडे मिळवायला 'गेट लोड ॲव्हरेज' हे शब्द आखडून नाव दिलेलं एक फंक्शन आहे. डबल प्रकारचा तीन घरांचा ॲरे बनवायचा, तो आणि ३ हा आकडा फंक्शनला द्यायचा. काम झालं तर किती आकडे भरले ते परत मिळतं, नाही झालं तर उणे एक. तो उणे एक तपासायला विसरायचं नाही, नाहीतर ॲरेमधला कचराच लोड म्हणून छापला जाईल. लिनक्समध्ये हेच आकडे 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'लोडॲव्हरेज'च्या फाइलमध्येही असतात, ती साध्या फाइलसारखी उघडून वाचता येते.

एक मिनिटाचा आकडा म्हणजे शेवटच्या साठ सेकंदांची साधी सरासरी, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. लिनक्स साधारण दर ५ सेकंदांनी जुन्या आकड्याचा ९२ टक्के भाग ठेवतो आणि त्यात आत्ताच्या मोजणीचा ८ टक्के मिसळतो. त्यामुळे जुनं एकदम पुसलं जात नाही, हळूहळू फिकं होतं. रिकाम्या मशीनवर एकच न थांबणारा लूप सुरू करा आणि एक मिनिटाने बघा. आकडा १ दिसणार नाही, ०.६३ च्या आसपास दिसेल. करून बघण्यासारखं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. लोड ४ हा जास्त की कमी? एकट्या आकड्याला अर्थच नाही. चार कोअरच्या मशीनवर ४ म्हणजे सगळे कामात, फारसं कोणी थांबलेलं नाही. एका कोअरवर ४ म्हणजे एक कामात आणि तीन रांगेत. आठ कोअरवर ४ म्हणजे अर्धी दुकानं रिकामी. एरलांग यांनी लाइन किती ते विचारल्याशिवाय लोडबद्दल मत दिलं नसतं. आपणही प्रोग्रॅममध्ये लोडच्या शेजारी कोअरची संख्या छापावी. मग तीन आकडे एकमेकांशी ताडून बघायचे. पहिला मोठा आणि तिसरा छोटा, तर गर्दी आत्ताच आली आहे. उलट असेल तर गर्दी ओसरतेय.

आजारपणाची रजा न घेणारा माणूस

एरलांग कंपनीत जवळपास वीस वर्षं होते. एवढ्या काळात आजारपणाची रजा घेतली नाही असं त्यांच्याबद्दल नोंदवलेलं आहे. लग्न केलं नाही. गणित, खगोलशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांचा मोठा संग्रह केला. इतिहास, तत्त्वज्ञान, कविता यांचीही आवड होती. गरजू लोक मदत मागायला त्यांच्याकडे यायचे, आणि ते गाजावाजा न करता जमेल तेवढी मदत करायचे.

त्यांचं लिखाण अगदी त्रोटक. मधल्या पायऱ्या गाळून थेट उत्तर. सरळ डॅनिश भाषेत लिहिलेलं, त्यामुळे सुरुवातीला बाहेर फारसं पोचलं नाही. पुढे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन भाषांतरं झाली. ब्रिटिश पोस्ट खात्याने त्यांचं सूत्र स्वीकारलं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला एक संशोधक तर त्यांचे निबंध वाचण्यासाठी डॅनिश शिकला, असं सांगतात. ही बेल लॅब्ज म्हणजे टेलिफोन कंपनीचीच संशोधन संस्था. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथेच डेनिस रिची यांनी सी भाषा बनवली. आपण ज्या भाषेत लोड वाचतो ती भाषाही शेवटी टेलिफोनवाल्यांच्याच घरातली.

जानेवारी १९२९ मध्ये एरलांग यांना पोटाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात दाखल केलं. ३ फेब्रुवारीला ते गेले. वय ५१. कॉम्प्युटर यायला अजून वेळ होता, आणि त्यांचं नाव टेलिफोनच्या जगाबाहेर फारसं कोणाला माहीतही नव्हतं.

१९४६ मध्ये टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीने लोड मोजायच्या एककाला एरलांग हे नाव दिलं. वरच्या उदाहरणातला लोड ३ म्हणजे ३ एरलांग. वॉट, व्होल्ट, ॲम्पिअर यांच्यासारखं हे एक माणसाचं नाव आता एकक झालं. १९८० च्या दशकात स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी एक प्रोग्रॅमिंग भाषा बनली. तिचंही नाव एरलांग. वॉट्सॲपचे सर्व्हर याच भाषेवर उभे राहिले. म्हणजे निकालाच्या दिवशी सर्व्हरवर लोड आलाय असा मेसेज आपण ज्या ॲपवर टाकतो, त्याच्या पोटातही मास्तरांचं नाव आहे.

डिग्रीनंतर सात वर्षं शाळेत शिकवत राहिलेला हा माणूस तिसाव्या वर्षी स्वतःच्या कामापर्यंत पोचला, तोही संध्याकाळच्या गणिताच्या बैठका सोडल्या नाहीत म्हणून. आपल्यातल्या ज्यांना बाविसाव्या वर्षीच उशीर झाल्यासारखं वाटतं, त्यांनी हा हिशोबही एकदा मांडून बघायला हरकत नाही. आणि ज्यांच्या लॅबमध्ये लिनक्स आहे त्यांनी पुढच्या प्रॅक्टिकलला तो दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून बघा. लोडच्या शेजारी कोअर छापायला विसरू नका.